रशियातला हिवाळा: होस्टेल, निसरडे रस्ते, कागदपत्रं आणि आगगाडीचा प्रवास

तोम्स्ककर

सप्टेंबर लागला की रशियात नव्याने डॉक्टरकीला आलेल्या मुलांच्या घरून एकच प्रश्न सुरू होतो. उणे तीसमध्ये आमचं लेकरू राहील कसं? मी सायबेरियात तोम्स्कला शिकतो, आणि या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे. थंडीची धास्ती घेऊ नका. हा देश थंडी गृहीत धरूनच बांधलेला आहे. काळजी करायची ती रस्त्यावर गोठलेल्या पाण्याची, डिसेंबरातल्या अंधाराची आणि मुदत संपत आलेल्या कागदांची. मुलं हात मोडून घेतात, खचतात, ऐन सुट्टीत अडकून पडतात, ती या तीन गोष्टींमुळे. गारठ्याने कोणी परत गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

आधी घराच्या आतलं सांगतो. इथे प्रत्येक खोलीत वेगळा हीटर नसतो. शहराच्या औष्णिक केंद्रातलं गरम पाणी जाडजूड नळांनी इमारतींपर्यंत येतं आणि खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरमधून फिरतं. त्याला सगळे 'बातारेया' म्हणतात. दिवसाचं सरासरी तापमान सलग पाच दिवस ८ अंशांच्या खाली राहिलं की शहरभर ही व्यवस्था सुरू होते. ती तुमच्या हातात नसते. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलाला सगळ्यात जास्त हुडहुडी जानेवारीत नाही, तर सप्टेंबरच्या शेवटी भरते. बाहेर पाच-सहा अंश, भिंती गार पडलेल्या आणि बातारेया अजून बंद. सामानात एक चांगली घोंगडी टाका, ती याच दिवसांसाठी. एकदा ऊब सुरू झाली की खोलीत टी-शर्टवर बसता येतं.

त्या उबेचा त्रास वेगळा. हवा कोरडी ठक्क होते. नाकातून रक्त येतं, ओठ फुटतात, घसा रात्रभर खवखवतो. ओला टॉवेल रेडिएटरवर टाकायचा, पाण्याचं भांडं जवळ ठेवायचं आणि खिडकीतली वरची छोटी झडप, म्हणजे फोर्तोच्का, दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ उघडायची. आपली मुलं ती महिनोन्‌महिने उघडत नाहीत. एका खोलीत तिघंचौघं, हवा कोंडलेली. एकाला सर्दी झाली की सगळे आडवे.

कपडे भारतातून आणू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो. मुंबई-पुण्यात मिळणारं जाड जाकीट कझानच्या नोव्हेंबरपर्यंत साथ देईल, पुढे नाही. येताना अंगावर असेल तेवढं पुरे. बाकी इथल्या बाजारात किंवा वाइल्डबेरीज, ओझोन या ऑनलाइन दुकानांवर घ्या. शेवटच्या वर्षाची मुलं परतताना आपले कोट स्वस्तात देऊन जातात, त्यांनाही विचारा. अंगाला लागून सुती बनियन नको. घाम धरून ठेवतो आणि बाहेर थांबलात की तोच गार पडतो. आत लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचं तेर्मोबेल्यो, म्हणजे उबदार अंतर्वस्त्र, वर लोकर, त्यावर वारा अडवणारा कोट. बूट एक नंबर मोठे, म्हणजे जाड मोजा घालूनही बोटं हलतील. घट्ट बुटात पाय आधी गारठतो. बोटांना वेगवेगळी घरं असलेल्या हातमोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र राहतात ते हातमोजे जास्त ऊब देतात. कॉलेजात शिरल्यावर कोट गार्देरोबमध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत, द्यावाच लागतो. तिथली आजीबाई बिल्ला देते, तो हरवू नका. कोट अडकवायला मागे पट्टी नसेल तर त्या रागावतात, घरीच शिवून घ्या.

आता निसरडं. उणे वीसमध्ये बर्फ कोरडा आणि करकरीत असतो, त्यावर पाय ठरतो. धोका ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये. दुपारी वितळतं, रात्री गोठतं, वर भुरभुरीत हिमाचा पातळ थर बसतो आणि खालचं काही दिसत नाही. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, बदकासारखं चालायचं आणि हात खिशात घालायचे नाहीत. पडताना हात टेकवला की मनगट गेलंच समजा. इमारतीच्या कडेला लाल-पांढरी फीत बांधलेली दिसली तर वळसा घाला. वर छतावरचा बर्फ पाडायचं काम चाललेलं असतं. वसंतात छतांवरून बर्फाचे सुळके सुटतात, ते जीवघेणे असतात.

इतर गावांतल्यांनी भर घालावी. सगळ्या रशियाचा हिवाळा एक नव्हे.

बाभूळबन

फार उपयोगी लिहिलंत. आम्ही लातूरचे. मुलगी यंदा इझेव्स्कला गेली. माझे दोन प्रश्न आहेत. पैसे कसे पोचवायचे? आणि ती शाकाहारी आहे, हिवाळ्यात खायचं काय? तिच्या आईला हीच काळजी जास्त आहे.

व्होल्गाकाठ

बाभूळबन काका, मी कझानला होते, नुकतीच परतले. भारतात घेतलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड रशियात चालत नाही, मार्च २०२२ पासून बंद आहे. पहिल्या काही आठवड्यांसाठी रोख डॉलर जवळ हवेत, तेही कोरे करकरीत. मळकी किंवा लिहिलेली नोट बँक नाकारू शकते. पुढे तिचं रशियन बँकेत खातं आणि रशियाचं स्वतःचं 'मीर' कार्ड झालं की रोजचे व्यवहार सोपे होतात. सिमकार्डाला आता वेळ लागतो. जानेवारी २०२५ पासून परदेशी माणसाला बायोमेट्रिक नोंदणी केल्याशिवाय सिम मिळत नाही. त्यामुळे सुरुवातीला फोन लागला नाही तर घाबरून जाऊ नका. ऑगस्ट २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरचे कॉलही अडवले जातात. बोलायचा दुसरा मार्ग कोणता, हे तिथल्या मोठ्या मुलांना विचारून आधी ठरवून ठेवा.

खाण्याचं सांगते. कांदा, बटाटा, कोबी, गाजर, बीट बारा महिने मिळतं. मसुरीची डाळ आणि काबुली चणे साध्या दुकानात असतात. हिवाळ्यात ताजी भाजी महाग आणि बेचव, पण गोठवलेली फरसबी, मटार, फ्लॉवर छान असतात. ग्रेच्का नावाचं धान्य स्वस्त आणि पोटभरीचं. ते फोडणी देऊन उपम्यासारखं आम्ही रोज खायचो. त्वारोग म्हणजे आपल्या पनीरच्या जवळचं, भुर्जी उत्तम होते. केफिर म्हणजे तिथलं ताकासारखं आंबवलेलं दूध, त्याची कढी तर इतकी जमते की ताक आठवत नाही. तूर डाळ, गोडा मसाला, मेतकूट आणि हिंग मात्र घरून द्या. कुकरचे दोन जादा गास्केट द्या, ते तिथे मिळणार नाहीत.

जुना विद्यार्थी

मी ऐंशीच्या दशकात मॉस्कोत लुमुंबा विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकलो. तेव्हा घरी पत्र पोचायला आठवडे लागायचे आणि फोन करायचा तर टपाल कार्यालयात आधी नोंदणी करून आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसायचं. आजच्या पालकांनी एक दिवस फोन लागला नाही म्हणून मुलांना हैराण करू नये, एवढी कळकळीची विनंती.

व्होल्गाकाठ ताईंच्या यादीत दह्याची भर घालतो. कोमट दुधाला थोडं स्मेताना (आंबट साय) किंवा केफिर लावायचं, पातेलं टॉवेलात गुंडाळून बातारेयाशेजारी ठेवायचं. सकाळी छान दही लागतं. सायबेरियातल्या मित्राकडेही हाच प्रयोग यशस्वी झाला होता.

एक गोष्ट मात्र आमच्या काळातली आहे आणि ती विसरायला हवी. थंडीने गाल पांढरा पडला की त्यावर बर्फ चोळायचा, असं तेव्हाची वडीलधारी मंडळी सांगत. ते अजिबात करू नका. गोठलेल्या कातडीला बर्फाचे कण ओरबाडतात. आत यायचं, ओले कपडे काढायचे, हळूहळू ऊब द्यायची, गरम काहीतरी प्यायचं. चोळायचं नाही, गरम रेडिएटरवर हात टेकायचा नाही. बधिर हाताला चटका कळत नाही. फोड आले किंवा बोटाची जाणीव परतली नाही तर लगेच डॉक्टर. आणि दारू प्यायल्याने ऊब येते हा समज तर फार घातक. कातडीला गरम वाटतं, शरीर मात्र उष्णता गमावत असतं. हिवाळ्यात रस्त्यात गोठून दगावणाऱ्यांत प्यायलेली माणसं असतात, हे मी तिथे राहून जाणतो.

श्वेतसमुद्र

मी अर्खांगेल्स्कची. तोम्स्ककरांनी अंधाराचा नुसता उल्लेख केलाय, त्यावर लिहिते, कारण आमच्याकडे हिवाळा म्हणजे मुळात अंधारच.

गाव ६४ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस चार तासांचाही नसतो. सकाळी अंधारात कॉलेजात जायचं, दुपारी लेक्चर सुटलं की पुन्हा अंधार. सूर्य उगवला तरी क्षितिजावरून सरकत जातो, ढग असले तर तोही नाही. पहिल्या वर्षी नोव्हेंबरपासून मला सतत झोप यायची, भूक वाढली, कोणाशी बोलावंसं वाटेना. मला वाटलं घरची आठवण आहे. आमच्या विषयाच्या प्राध्यापक बाईंनी ओळखलं आणि रक्त तपासायला लावलं. 'ड' जीवनसत्त्व तळाला गेलेलं होतं. आपण आधीच सावळ्या कातडीचे, त्यात ते एवढंसं ऊन. पालकांनो, जायच्या आधी मुलांची 'ड' आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच गोळ्या द्या.

मला तारलं ते एका नियमाने. कितीही थंडी असो, दुपारी उजेडाच्या त्या तासाभरात बाहेर पडायचंच. लेक्चर असेल तर मधल्या सुट्टीत, निदान आवारात. संध्याकाळी पांघरुणात शिरून फोन बघत बसायचं नाही. आमच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात सगळे एकत्र स्वयंपाक करायचे, तिथे जाऊन बसायचं. जी मुलं खोलीत एकटी जेवू लागतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. आपल्या मुलाने 'मी बरा आहे' एवढंच तीन आठवडे सांगितलं तर त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाशीही बोला. मदत मागणं कमीपणाचं नाही, हे घरून सांगितलं गेलं तर मुलं मागतात.

आणि नदी. उत्तर द्विना गोठली की लोक तिच्यावरून समोरच्या केगोस्त्रोव बेटावर चालत जातात. नगरपालिकेने आखलेली, पाहणी केलेली वाट असेल तरच जायचं. फोटोसाठी दुसरीकडून बर्फावर उतरायचं नाही. वरून भक्कम दिसणाऱ्या बर्फाखाली प्रवाह असतो.

चौलची लाट

आमची पुतणी त्वेरला आहे. त्वेरच्या व्होल्गाकाठी अफानासी निकितिनचा मोठा पुतळा आहे आणि तिथल्या पहिल्याच आठवड्यात तिने त्याचा फोटो पाठवला. पंधराव्या शतकात हाच व्यापारी आमच्या चौलला उतरला होता, रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. शाळेत जाता-येता ते बघत वाढलेली पोर आता त्याच्या गावात शिकतेय, याचं घरात सगळ्यांना अप्रूप आहे. मॉस्कोतही परदेशी साहित्याच्या रुदोमिनो ग्रंथालयात अण्णाभाऊ साठ्यांचा पुतळा २०२२ मध्ये बसवलाय. सुट्टीत मॉस्कोला गेलात तर जरूर बघा.

तिला सुट्टीत फिरायचंय. एकट्या मुलीने हिवाळ्यात आगगाडीने जाणं ठीक आहे का? आणि कुठे जावं?

तोम्स्ककर

चौलची लाट ताई, जरूर जाऊ द्या. हिवाळ्यातला रशिया आगगाडीतूनच बघावा. जानेवारीत परीक्षा असतात, त्या संपल्या की जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला साधारण दोन आठवडे सुट्टी मिळते. १ ते ८ जानेवारी देशभर सुट्टी असते, तेव्हा तिकिटं महाग आणि गाड्या भरलेल्या. तो आठवडा टाळा.

डब्यांचे दोन प्रकार विद्यार्थ्यांच्या कामाचे. कुपे म्हणजे चार बर्थची दार असलेली खोली. प्लात्सकार्त म्हणजे उघडा डबा, ५४ बर्थ, आपल्या स्लीपरसारखे साइडचे बर्थही त्यात असतात. एकट्या मुलीने प्लात्सकार्त घ्यावा असं माझं मत आहे. दार नाही, सगळ्यांची नजर असते, शेजारी हमखास एखादी आजी निघते जी खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही. काही गाड्यांत फक्त स्त्रियांसाठीचे कुपेही मिळतात. प्रत्येक डब्याला प्रोवोदनित्सा, म्हणजे डबा सांभाळणारी बाई असते. ती पासपोर्ट तपासते, चादरी देते, तुमचं स्टेशन आलं की उठवते. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो, त्यामुळे चहा, सूप, नूडल्स, घरून आणलेला झटपट उपमा, सगळं चालतं. डबे चांगलेच तापवलेले असतात. अनेक डब्यांना अजून कोळशाची भट्टी असते आणि थांब्यावर उतरलं की थंड हवेत त्या धुराचा वास येतो. रशियन लोक वीस मिनिटांच्या थांब्यावर चपला घालून खाली उतरतात. आपण कोट, टोपी घालूनच उतरायचं, आणि गाडी किती वेळ थांबणार हे प्रोवोदनित्साला विचारूनच.

तिकिटावर आता स्थानिक वेळ असते. २०१८च्या ऑगस्टपर्यंत सगळीकडे मॉस्कोची वेळ छापायचे. जुने सल्ले वाचून गोंधळू नका. आमचं तोम्स्क तर मुख्य ट्रान्स-सायबेरियन मार्गावरच नाही. सायबेरियातलं पहिलं विद्यापीठ इथे १८८८ मध्ये उघडलं, सुरुवात वैद्यकीय शाखेनेच झाली, पण रेल्वे दक्षिणेकडून गेली. आम्हाला ताइगा जंक्शनवर गाडी धरावी लागते. तिथे पहाटे उणे पस्तीसमध्ये फलाटावर उभं राहण्यापेक्षा प्रतीक्षालयात बसा आणि गाडी लागली की निघा. फोन आतल्या खिशात ठेवा. बाहेर काढला की बॅटरी झपाट्याने उतरते आणि तिकीट त्यातच असतं, म्हणून छापील प्रतही जवळ हवी.

कुठे जायचं? माझ्या मते बैकाल. पण जानेवारीच्या सुरुवातीला नव्हे. एवढं खोल सरोवर, १,६४२ मीटर, गोठायला वेळ घेतं. पारदर्शक बर्फ बघायचा तर फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. ओल्खोन बेटावर जायला बर्फावरून अधिकृत रस्ता आखतात, तो उघडला आहे का हे विचारूनच निघा. त्याआधी हवेच्या गादीवर चालणाऱ्या बोटी ने-आण करतात. लिस्त्व्यांका गावाजवळ अंगारा नदी बैकालमधून बाहेर पडते, तिथे कडाक्याच्या थंडीतही पाणी गोठत नाही आणि वर वाफ तरंगत असते. त्वेरहून बैकालजवळचं इर्कुत्स्क फार लांब पडेल, तिच्यासाठी सेंट पीटर्सबर्ग किंवा मुर्मान्स्क सोयीचं.

श्वेतसमुद्र

मुर्मान्स्कबद्दल थोडं. उत्तर प्रकाश बघायचा म्हणून सगळे डिसेंबरात धावतात. तेव्हा ध्रुवीय रात्र असते, डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य वर येतच नाही, आणि आकाश बहुतेक वेळा ढगाळ. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये जा. रात्री अंधारही मिळतो, दिवसा बर्फावरचं ऊनही. उबदार समुद्रप्रवाहामुळे तिथलं बंदर गोठत नाही, त्यामुळे तापमान सायबेरियाएवढं उतरत नाही, पण वारा हाडात शिरतो. तिथून जवळच्या तेरिबेर्का या किनाऱ्यावरच्या गावाचा रस्ता हिमवादळात बंद करतात आणि माणसं दोन-दोन दिवस अडकतात. परतीच्या तिकिटाआधी मोकळे दिवस ठेवा. सेवेरोमोर्स्क हे बंद शहर आहे, आमच्या बाजूचं सेवेरोद्विन्स्कही परदेशी माणसाला परवानगीशिवाय नाही. नकाशावर जवळ दिसलं म्हणून बसमध्ये चढू नका.

व्होल्गाकाठ

प्रवासाच्या आधी कागद. माझ्या मते या धाग्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण थंडीतून माणूस सावरतो, पण नोंदणी चुकली तर शिक्षणच धोक्यात येतं.

रशियात आल्यावर मायग्रेशन कार्ड मिळतं, ते पासपोर्टाइतकं जपायचं. राहत्या पत्त्यावर सात कामकाजाच्या दिवसांत नोंदणी होते, ती विद्यापीठ करतं, पण कागद वेळेत नेऊन देणं विद्यार्थ्याचं काम. दुसऱ्या शहरात हॉटेलात राहिलात की हॉटेल तिथे नोंद करतं आणि परतल्यावर होस्टेलची नोंदणी पुन्हा करावी लागू शकते. म्हणून निघण्याआधी परदेशी विद्यार्थी विभागाला कळवा आणि परतल्या दिवशी कागद घेऊन जा. माझ्या एका मैत्रिणीने हे चार दिवस लांबवलं, तिला दंड झाला आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी सगळं पुन्हा उकरून निघालं.

व्हिसा वाढवायला दिला की पासपोर्ट काही आठवडे तुमच्याकडे नसतो. त्याशिवाय आगगाडीतही चढता येत नाही. व्हिसाची तारीख बघूनच तिकीट काढा.

आणि युद्ध चालू आहे हे विसरू नका. ड्रोनच्या धोक्याने विमानतळ अचानक काही तास बंद होतात, कझानचाही झालेला आहे. मॉस्कोत विमान बदलायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. मोबाइल इंटरनेट कधीकधी दिवसभर बंद असतं, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या, टूजीआयएस हे नकाशाचं अ‍ॅप विनाइंटरनेट चालतं, आणि खिशात थोडे रुबल असू द्या. पूल, रेल्वेचे यार्ड, बंदर, लष्करी गाड्या यांचे फोटो नकोत.

मुलग्यांच्या पालकांनी हे मनावर घ्याच. 'मदतनीस' किंवा 'सुरक्षारक्षक' म्हणून भरपूर पगाराची नोकरी दाखवून करारावर सही घेतात आणि मुलगा सैन्यात पोचतो. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. रशियन भाषेतल्या कुठल्याही कागदावर, तो समजून घेतल्याशिवाय, सही करायची नाही. कितीही ओळखीचा माणूस सांगो.

बाभूळबन

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला हा धागा पाठवला, तिने खोलीतल्या मुलींना वाचून दाखवला. एक राहिलं. समजा रात्री-अपरात्री पडली, लागलं, तर करायचं काय? तिला भाषा अजून येत नाही.

तोम्स्ककर

काका, ११२ हा सगळ्यासाठीचा क्रमांक, १०३ रुग्णवाहिकेचा. तातडीचा उपचार परदेशी माणसालाही नाकारत नाहीत आणि त्याचे पैसे मागत नाहीत. पुढच्या उपचारांसाठी विद्यार्थी विमा लागतो, त्याचा कागद आणि पासपोर्टाच्या रशियन भाषांतराची प्रत पिशवीत कायम असू द्या. होस्टेलचा पत्ता, इमारतीचा क्रमांक, मजला आणि 'मी पडले, इथे दुखतंय' एवढी वाक्यं तिने याच आठवड्यात पाठ करावीत. तिथल्या वर्गातल्या एखाद्या रशियन मुलीचा आणि होस्टेलच्या पहारेकरी बाईंचा नंबर फोनमध्ये असावा, आणि कागदावरही. पहारेकरी बाई वरून कडक दिसतात, पण रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेत सोबत बसून जाणाऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्याशी रोज येता-जाता 'झ्द्रास्त्वुइत्ये', म्हणजे नमस्कार, म्हणायची सवय लावायला सांगा. इझेव्स्कमध्ये तिच्या कॉलेजची कोणी मोठी मराठी मुलं वाचत असतील तर त्यांनी खाली लिहावं, काकांना ओळखीचं कोणीतरी मिळेल.